बावीसच्या आतले दहा

दगडू तोडणकर हॉकीची मॅच बघत नाही. अख्ख्या घोडपदेवला हे माहीत आहे, आणि तरीही देशातल्या तरुण हॉकीवाल्यांत पहिला कोण आणि दहावा कोण, हे गेली एकोणीस वर्षं तोच ठरवत आला. आता तुम्ही म्हणाल, हा कुठला न्याय? पण बासष्ट वर्षांच्या दगडूला असं तोंडावर विचारायची सोय नव्हती. "मॅच बघून माणूस फसतो," तो म्हणायचा. "पोरगं केस उडवत पळतं, कॉमेंट्रीवाला बोंबलतो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. काठीला केस नसतात."

काठी म्हणजे हॉकीची स्टिक. चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर दगडूचा अर्धा गाळा आहे. उरलेल्या अर्ध्यात एक शटर दुरुस्त करणारा बसतो आणि दिवसभर ठोकत असतो, त्यामुळे दगडूला मोठ्याने बोलायची सवय लागली आहे, ती घरीही जात नाही. ह्या अर्ध्या गाळ्यात तो स्टिका दुरुस्त करतो. टवका उडाला तर भरतो, कड फाटली तर घासून सारखी करतो, जुनी ग्रिप सोलून नवी चढवून देतो. लीगमध्ये खेळणारी मुंबईची मुलं त्याच्याकडे येतात, आणि बाहेरच्या टीम मुंबईत आल्या की त्यांच्याही स्टिका कुणीतरी टॅक्सीत घालून आणून टाकतं.

दगडूची नजर बापाकडून आली. त्याचा बाप गिरणीच्या सुतारखात्यात होता आणि धोटे दुरुस्त करायचा. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी. झिजलेला धोटा हातात घेतला की बाप सांगायचा, हा अमक्याचा माग, त्याचा डावा खांदा दुखतो. बहुतेक वेळा खरंच दुखत असायचा. गिरणी बंद पडली, धोटे भंगारात गेले, पण झीज वाचायची खोड दगडूच्या अंगात राहिली. गोल मारणाऱ्याची स्टिक तोंडाशी एका रेषेत घासलेली असते. उलट्या बाजूने फटके मारून शायनिंग मारणाऱ्याची कड खरवडलेली असते. आणि जो खेळाडू जमिनीवर झोपून, स्टिक आडवी टाकून समोरच्याचा चेंडू अडवतो, त्याच्या ग्रिपची खालची बाजू टर्फवर घासून चिंध्या झालेली असते. असल्या चिंध्या दिसल्या की दगडूच्या डोळ्यांत पाणी यायचं. अडवणाऱ्याचं नाव पेपरात येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

यादीची पद्धत त्याच्या आधीपासूनची. दगडू राहतो त्या चाळीच्या जिन्याखाली मंडळाचा फळा आहे. त्यावर पाणी कधी जाणार, वर्गणी कधी द्यायची, कुणाचं बारावं कधी, हे सगळं लिहिलं जातं. पण उजवीकडचा वरचा कोपरा वर्षभर कुणी पुसत नाही. तिथे 'बावीसच्या आतले दहा' असतात. लीग संपली की पुढच्या रविवारी सकाळी अकराला सभा भरते. खेळाडू बावीस वर्षांच्या आतला हवा आणि कुठल्यातरी टीमने करार करून घेतलेला हवा. प्रत्येक नावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, अगदी सोसायटीच्या ठरावासारखा. ज्याच्या हातात खडू, त्याचा शब्द शेवटचा. मात्र पहिल्या नंबराचं नाव चुकलं असं कुणी पुराव्याने दाखवलं, तर दाखवणाऱ्याच्या हाती खडू द्यायचा आणि आपण पायरीवर जाऊन बसायचं.

दगडूला खडू असाच मिळाला होता. त्याच्या आधी तो महादेव मास्तरांकडे होता. मास्तर शाळेत पीटी शिकवायचे, आवाज करडा, मिशी पांढरी. त्यांनी पहिला नंबर दिलेल्या एका मुलाची स्टिक दगडूने भर सभेत आणली आणि दाखवलं, की हा गडी आपल्या बाजूला चेंडू आला की पळ काढतो. मास्तरांनी स्टिक उलटसुलट करून पाहिली, मान हलवली आणि खडू दगडूच्या तळहातावर ठेवला. पुढच्या वर्षी ते साधे सभासद म्हणून आले आणि दोन तास भांडून गेले. दगडूला तो प्रसंग आवडायचा. आपल्यावर तशी पाळी येईल हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मागची दोन वर्षं यादीत पहिला होता भावेश तांडेल. शिवडीच्या कोळीवाड्यातला मुलगा, एकवीस वर्षांचा, सहा फूट उंच. त्याची स्टिक त्याची धाकटी बहीण तेजस्वी घेऊन यायची. वर स्टिकर, 'भावेश १७'. पहिल्यांदा ती स्टिक हातात घेतली तेव्हा दगडू शटरवाल्यालाही गप्प बसायला लावून म्हणाला होता, "हा प्लेयर मैदानात दिसणार नाय. पण हा नसला तर टीम बसेल." गेल्या वर्षी तेजस्वी म्हणाली, स्टिक वरून इंचभर कापून हवी आहे. दगडूने कापून दिली आणि ही गोष्ट भायखळ्यापासून लालबागपर्यंत सांगत सुटला. सहा फुटी पोरगा, आणि स्टिक छोटी करून मागतो! कशाला? आणखी वाकता यावं म्हणून! आजकालच्या पोरांत वाकायची तयारी आहे कुठे?

ह्या भावेशवरून दगडूचं आणि स्वप्नीलचं वाजायचं. स्वप्नील त्याच्या चुलत भावाचा मुलगा, लोअर परळला एका कंपनीत दिवसभर आकडे चाळतो आणि संध्याकाळी हॉकीचे आकडे चाळतो. "काका, तुमचा भावेश टॅकलमध्ये एकशे दोनवा आहे," तो मोबाईल नाचवून सांगायचा. "एकशे दोन! यादी दहाची आहे आपली." दगडू म्हणायचा, "तुझा मोबाईल कधी टर्फवर घासलाय का?" मग दोघं दोन दिवस बोलायचे नाहीत आणि तिसऱ्या दिवशी वडापाव खाताना पुन्हा सुरू व्हायचे.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण ह्या वर्षीच्या सभेच्या आधीच्या गुरुवारी दगडू दुपारी घरी जेवायला आला, आणि त्याची बायको अंबिका दारात बसून भावेशच्या स्टिकची ग्रिप सोलत होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण दगडू ती सांगत नाही. त्याच्या दुकानची ग्रिप प्रसिद्ध आहे. पंजाब-ओडिशाची मुलंसुद्धा म्हणतात, ग्रिप चढवावी तर दगडूशेठनेच. त्या सगळ्या ग्रिपा अंबिका गुंडाळते. सकाळचं आवरलं की दारात पाट टाकून ती बसते, स्टिक दोन गुडघ्यांत धरते आणि रोज आठ-दहा चढवते. वीस वर्षं झाली. सुरुवातीला दगडूची पाठ धरली होती तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून तिने हे काम घेतलं होतं. पाठ सुटली, काम राहिलं.

"ह्या स्टिकवरचो हात भावेशचो न्हय," अंबिका मान वर न करता म्हणाली.

"काय बोलतंस? नाव बघ तेच्यार. भावेश सतरा."

"नाव चिकटवलेला आसा. हात चिकटवूक येणा नाय." तिने सोललेल्या जागी बोट ठेवलं. ग्रिपखालची पट्टी दोन ठिकाणी दबली होती. "ह्यो वरचो हात, ह्यो खालचो. मधे वीतभर पण जागा नाय. सहा फुटी झील असो धरतलो? आणि अंगठो बघा. माझ्या अंगठ्याएवढो आसा."

"तो वाकान खेळता गो."

"वाकल्यार अंगठो बारीक होता काय?"

दगडूने जेवायला वाढ म्हटलं. दोन घास झाले आणि तो म्हणाला, "मगे आजपर्यंत बोललंस कित्याक नाय?"

"दोन वर्षां सांगतंय. तुमी सगळ्यांका सांगत होतात ना, तेवाच मी तुमका सांगत होतंय."

दगडूला बांगडा बेचव लागला. असं यापूर्वी फक्त एकदा झालं होतं, तापात.

दुसऱ्या दिवशी त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. स्वप्नीलला गाठून, इकडेतिकडे बघत, म्हणाला, "तुझ्या त्या मोबाईलात भावेश खेळताना दिसेल काय रे?"

स्वप्नीलने आधी काकांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग फायनलची मॅच लावली. दगडूने चष्मा पुसला आणि स्क्रीन नाकाशी धरली. हिरवं-निळं काहीतरी हललं, आणि मग उंच, देखणा भावेश चेंडू घेऊन सुसाट आला, तीन जणांना चकवून त्याने गोल मारला. त्याच्या हातात पिवळीधमक स्टिक होती. दगडूकडे दुरुस्तीला आलेली निळी होती.

"ही पिवळी कधी घेतली त्याने?"

"अख्खा सीझन हीच आहे काका. कंपनी देते फुकट. गेल्या सीझनला लाल होती, त्याच्या आधी पांढरी. निळी तर त्याच्याही आधीची. का?"

"काय नाय. पुढे चालव."

पुढे भावेशच्या पायातून चेंडू गेला. समोरचा तो घेऊन पळाला. भावेश जागेवर उभा राहिला, एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्याने त्याने केस मागे सारले. नऊ मिनिटांत त्याने एकदाही स्टिक आडवी टाकली नाही. दगडूने नऊ मिनिटं मोजून पाहिली, कारण दहाव्या मिनिटाला त्याला बघवेना.

"पटलं ना?" स्वप्नील खुशीत होता. "चौदा गोल, काका. ह्या वर्षी मी पण एक नंबरला भावेशच टाकणार. तुम्ही दोन वर्षं बोलत होतात, मीच येडा. पहिल्यांदा आपलं जुळलं बघा!"

दगडूने चष्मा काढून खिशात ठेवला. एकोणीस वर्षांत स्वप्नीलसारख्या माणसाने त्याला कधी बरोबर म्हटलं नव्हतं. आणि आता म्हणत होता, तर दगडू चुकलेला होता.

शनिवारी सकाळी तेजस्वी स्टिक न्यायला आली. वीस वर्षांची, बुटकी, मजबूत मनगटांची, कोपराला खपली धरलेली. मुलींची लीग सुरू झाल्यापासून तीही एका टीममध्ये होती; पण पहिल्या अकरात तिला क्वचितच घ्यायचे, बाकी वेळ बाकावर. सरावात मात्र ती रोज टर्फवर लोळायची. दगडूने निळी स्टिक तिच्यासमोर ठेवली आणि शटरवाल्याकडे नुसतं पाहिलं. ठोकाठोक थांबली.

"धर जरा," तो म्हणाला.

तेजस्वीने धरली. दोन्ही हात जवळजवळ, मधे वीतभरही जागा नाही. नवी ग्रिप तिच्या मुठीत बसली ती तिच्या मापानेच चढवल्यासारखी, आणि तशीच ती चढवलेली होती. दगडू बघत राहिला. तेजस्वीच्याही लक्षात आलं की त्याच्या लक्षात आलं आहे. ती स्टूलवर बसली.

"दादाला दर सीझनला नवीन मिळते काका. जुन्या पडून असतात, त्यातली ही निळी मी घेतली. स्टिकर निघत नाही नीट, म्हणून तसाच ठेवला."

"आणि मी दोन वर्षं तोंडाला फेस येईस्तोवर बोलतोय ते ऐकत बसलीस? बोलली का नाहीस?"

तेजस्वीने खपली खाजवली. "पहिल्या दिवशी बोलणारच होते. पण तुम्ही म्हणालात, हा प्लेयर दिसणार नाही पण हा नसला तर टीम बसेल. माझ्याबद्दल असं कधी कोणी बोललंच नव्हतं. कोचसुद्धा नाही. म्हटलं, अजून काय बोलतात बघूया. मग राहूनच गेलं." ती जरा हसली. "दर वेळी ग्रिप खराब झालेली नसायची, काका. तुम्ही काय बोलता ते ऐकायला यायचे मी."

दगडूने निळी स्टिक तिच्या पिशवीत सरकवली.

"उद्या सांगू नका पण," ती उठता उठता म्हणाली. "दादा चांगला आहे हो, त्याला ह्यातलं काहीच माहीत नाही. तुमच्या यादीचा फोटो आईने देव्हाऱ्याशेजारी लावलाय. आणि तुमचा खडू जाईल ना? माझं काय, मला चाललं इतकी वर्षं. चालेल अजून."

ती गेली आणि दगडूला वाटलं, ही पोरगी आपल्याला सोडवायला आली होती की अडकवायला? गप्प बसायला सगळी कारणं तिने हातात आणून ठेवली होती. भावेशचं नाव राहणार, तांडेलांच्या घरचा फोटो राहणार, खडू राहणार. स्वप्नील तर स्वतः सूचक होऊन उभा राहणार. कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि जिचं बिघडत होतं तिने स्वतःच माफ केलं होतं. शिवाय खडू गेला तर जाणार कुणाकडे? मोबाईलवाल्यांकडे. मग यादी करायला माणूस कशाला, नुसता चार्जर पुरे.

खरं सांगायचं तर त्याला खडू सोडवत नव्हता. बाकी सगळं सजावट. वर्षभर तो एका अर्ध्या गाळ्याचा मालक असायचा. त्या एका रविवारी लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसून त्याच्या तोंडाकडे बघायचे. संध्याकाळी त्याने अंबिकेला विचारलं, काय करू? ती तांदूळ निवडत म्हणाली, "माका कित्याक इचारतास? यादी तुमची."

रविवारी अकराला जिना भरला. पायऱ्यांवर पंधरावीस, गॅलरीतून वाकलेले आणखी तितकेच. अध्यक्ष म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर गुणवंतीबाई बसल्या होत्या. त्या भायखळ्याच्या मार्केटात मासळी विकतात, हॉकीतलं त्यांना काही कळत नाही, आणि म्हणूनच त्या बारा वर्षं अध्यक्ष आहेत. त्यांच्या आवाजापुढे दुसरा आवाज टिकत नाही, आणि दिलेला निर्णय त्या फिरवत नाहीत. मागे पाण्याच्या टाकीजवळ, निळ्या स्टिकची पिशवी खांद्याला लावून, तेजस्वी उभी होती. पहिल्यांदाच आली होती.

स्वप्नील ठसक्यात उठला. "नंबर एक. भावेश तांडेल. चौदा गोल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. सूचक मी."

"अनुमोदक?" गुणवंतीबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी दगडूकडे पाहिलं. तो फळ्याजवळ उभा होता, खडू बोटांत. त्याने 'अनुमोदन' एवढा एक शब्द म्हटला असता तर सभा तिथेच चहावर आली असती. कुणीतरी टाळी वाजवायला हात वरही केला होता.

"नाय," दगडू म्हणाला.

"काय नाय?"

"अनुमोदन नाय. भावेश पहिला नाय. गेल्या वर्षी पण नव्हता, त्याच्या आधी पण नव्हता. मी चुकलो." मग त्याने सगळं सांगितलं. पिवळी स्टिक, निळी स्टिक, स्टिकर, इंचभर कापलेली काठी. वाकायची तयारी म्हणून आपण जिचा गाजावाजा केला ती मुळात बुटक्या मुलीची सोय होती, हे सांगताना लोक हसले, आणि त्यानेही हसू दिलं. मग तो टाकीकडे वळला. "तेजस्वी, दोन वर्षं मी तुझं काम तुझ्या भावाच्या नावावर लिहिलं. ह्या फळ्यावर, सगळ्यांसमोर लिहिलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझी चूक झाली. मला माफ कर, पोरी."

तेजस्वीने खाली पाहिलं आणि पिशवीचा बंद घट्ट धरला.

मग जो गोंधळ उडाला तो तासभर पुरला. कुणी म्हणालं, मुलींची यादी वेगळी पाहिजे. कुणी म्हणालं, जी टीममध्ये बाकावर बसते ती फळ्यावर कशी? स्वप्नील तर दुखावलाच होता. जन्मात एकदा काकांशी जुळलं होतं तेही मोडलं. शेवटी गुणवंतीबाईंनी खुर्चीच्या दांडीवर हात आपटला. "गप ऱ्हावा सगळे! मुली नको असा नियम कुठं हाय? दावा मना. नाय ना? मग पोर बावीसच्या आत हाय, टीमनी घेतलीय, विषय संपला. आता दुसरी गोष्ट. तोडणकर, तुमचा पहिला नंबर चुकला."

"चुकला."

"पुराव्यानं?"

"पुराव्याने."

"मग खडू."

एकोणीस वर्षांत हा शब्द कुणी असा उच्चारला नव्हता. स्वप्नीलने नकळत उजवा तळहात पँटला पुसला.

"तू कशाला हात पुसतो रे?" गुणवंतीबाई म्हणाल्या. "तू तर भावेशलाच टाकत होता. नियम काय हाय? चूक दावली त्याच्या हाती खडू. तोडणकर, कोणी दावली तुमची चूक?"

दगडूने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, सभेच्या चहाची किटली घेऊन अंबिका उभी होती. दर वर्षी ह्या वेळी ती तिथेच उभी असायची, वाद संपला की चहा घेऊन खाली यायला.

"तिने," तो म्हणाला. "आणि आता सांगतोच आहे तर सगळं सांगतो. तुम्ही दगडूची ग्रिप म्हणता ना, ती मी वीस वर्षांत एक चढवलेली नाय. सगळ्या हिच्या हातच्या आहेत."

अंबिकेने किटली कठड्यावर ठेवली आणि ती जिना उतरून आली. पदराला हात पुसले. दगडूने खडू तिच्या तळहातावर ठेवला, मास्तरांनी ठेवला होता तसाच. तिने तो दोन बोटांत फिरवून पाहिला, ग्रिपची पट्टी तपासते तसा, आणि फळ्यासमोर उभी राहिली. ती आता लाजेल, हसून खडू परत देईल, असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

"पयलो," ती म्हणाली, "तो लांब बोटांचो झील. गणपतीनंतर हिरवी ग्रिप घेऊन गेलो तो. तेचे दोनय हात शेवटपर्यंत एकाच जागेर ऱ्हवतत."

"उन्मेष!" दगडूच्या तोंडून निघालं.

"उन्मेष?" स्वप्नील मोबाईल चाळत किंचाळला. "तो माझ्याकडे तेरावा आहे, काकी!"

"असांदे. दुसरी ती नागपूरची, जिची ग्रिप मी दोनदा चढवलंय आणि दोनय वेळा तिणा परत सोलून सवता चढवल्यान. तिका आपलो हात बरोबर समाजता."

"स्पृहा," दगडू म्हणाला. अंबिकेला नावं ठाऊक नव्हती, हात ठाऊक होते. ती हात सांगायची, दगडू नाव सांगायचा, आणि ती हळूहळू, वळणदार अक्षरात लिहायची. स्वप्नील प्रत्येक नावाचे आकडे काढून तोंडाचा आ करत होता.

"तिसरी," अंबिका म्हणाली आणि लिहिलं, तेजस्वी.

"तिसरी?" दगडू उसळला. "अगो, पहिली! निदान दुसरी तरी! त्या ग्रिपच्या चिंध्या बघितल्यास ना?"

"बघलंय. सोलतंय मीच." अंबिका टाकीकडे वळली. "बाय, इकडे ये. शेवटच्या दहा मिनिटांत तुझो डावो हात सैल पडता. थंयसर पट्टी फिरलेली आसता, दर वेळेक. दमतंस तू, आणि दमल्यार मनगट सोडतंस. तां सुधारलंस की वर घेतंय."

तेजस्वीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग ती मान वर करून म्हणाली, "बरोबर आहे, काकी. सोडते मी." आणि ती इतकं मोकळं हसली, की पहिल्या नंबराचं कौतुक दोन वर्षं ऐकताना ती अशी एकदाही हसली नव्हती, हे दगडूला तेव्हा कळलं.

पण तो तोडणकर होता. "दुसरी!" तो पुन्हा ओरडला. "त्या नागपूरवालीपेक्षा..."

"तोडणकर," गुणवंतीबाई म्हणाल्या, "तुमी आता साधे सभासद. पायरीवर बसा, आनि बोलायचं तं हात वर करून बोला. नंबर तीन, तेजस्वी तांडेल. सूचक अंबिका तोडणकर. अनुमोदक कोण?"

दगडू चौथ्या पायरीवर जाऊन बसला, दोन मुलांच्या मधे जागा करून. तिथून फळा वेगळाच दिसत होता. त्याने क्षणभर वाट पाहिली, कोणी बोलतंय का म्हणून. मग त्याने उजवा हात वर केला, शाळेतल्यासारखा, अगदी कानाला लावून सरळ.

"अनुमोदन," तो म्हणाला.